तेलाचा पगार आणि घरचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, एखाद्या विषयाच्या दोन्ही बाजू ऐकाव्या आणि घरी जाताना त्यावर वाद घालीत जावे, एवढाच त्या प्रथेचा साधा हेतू. आपल्या वाकडास चैत्र म्हटला की म्हातोबाचे बगाड, हे समीकरण फार जुने. त्याच्या जोडीला आता व्याख्यानेही होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे.

चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आमच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. गेले तीन आठवडे आमच्या घरी एकच चर्चा चालू आहे. आमचा भाचा चाकणच्या एका कारखान्यात उपकरणे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आहे. त्याला आखातातल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातून नेमणुकीचे पत्र आले आहे. पगार इथल्या तिपटीहून अधिक. त्याने येऊन विचारले, "मामा, जाऊ का?" त्याने आम्हांला विचारले याला कारण आहे. आम्ही स्वतः १९९४ साली असेच पत्र खिशात घालून गेलो होतो आणि २००३ साली परत आलो. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे आमच्या भाच्याला द्यावयाचे उत्तर आहे. आणि ते चारचौघांत देण्याचे कारण इतकेच, की समोर बसलेल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न आज नाही तर उद्या येणार आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करू. गाव सोडून जाणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्यापूर्वी इथे शेती होती, मुळेकाठच्या विहिरी होत्या. आज इथे राहणाऱ्यांपैकी कित्येकांचे मूळ गाव सोलापूर, लातूर, जळगाव, अमरावती अशा ठिकाणी आहे. पोटासाठी आपण एकदा घर सोडलेलेच आहे. म्हणून "परमुलखात कशाला जायचे?" हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही. खरा प्रश्न असा आहे की, कशासाठी, किती काळ आणि कोणाच्या जिवावर?

आता तेलाच्या धंद्यात पगार इतका मोठा का, हे पाहू. पुष्कळांची समजूत अशी की तिकडे पैसा उतू जातो म्हणून ते वाटतात. जगात कोणी असा पैसा वाटत नाही. ह्या पगाराची तीन कारणे आहेत. पहिले, ह्या धंद्यात माणसे थोडी आणि यंत्रांतून वाहणारा माल अतिशय मोलाचा. एखादी झडप अडकून कारखाना एक दिवस बंद पडला तर होणारे नुकसान ती झडप सांभाळणाऱ्या माणसाच्या वर्षाच्या पगाराहून कितीतरी मोठे असते. दुसरे, काम धोक्याचे आहे. तेलाबरोबर कित्येक ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू येतो. त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास असतो. परंतु प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटून माणूस फसतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: जिथे तेल असते तिथे माणसाला सहसा राहावेसे वाटत नाही. वाळवंट, भर समुद्र, बर्फाळ प्रदेश! तेव्हा ह्या पगारात कौशल्याची किंमत जशी असते, तशीच घरी नसण्याचीही असते. ती वेगळी लिहून दाखवीत नाहीत, एवढेच.

आपला आणि आखाताचा संबंध आजचा नाही. इराणात १९०८ साली, बहरीनमध्ये १९३२ साली, आणि कुवेत व सौदी अरबस्तानात १९३८ साली तेल सापडले. त्याच्याही आधीपासून मुंबईचे व्यापारी तिकडे जात होते आणि आपला रुपया तिकडच्या बाजारात चालत होता. तो इतका चालत होता की १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचे चलन काढले आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर आणखी काहींनीही आपला रुपया सोडला. आज आपण ज्यांच्या चलनाचा भाव रोज पाहतो, ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपला रुपया वापरीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९७३-७४ साली तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. तिकडे रस्ते, बंदरे, शहरे बांधण्याचा धडाका सुरू झाला आणि बांधायला माणसे हवी झाली. केरळातून माणसे गेली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांतूनही घरटी एक माणूस गेला. त्या गावांत आजही चिरेबंदी मोठी घरे दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या ओसरीवर म्हातारी माणसेच तेवढी बसलेली दिसतात. आम्ही कोणावर टीका करीत नाही. त्या पैशाने बहिणींची लग्ने झाली, मुले डॉक्टर झाली, गावात शाळा उभ्या राहिल्या. परंतु ज्याने ते घर बांधले, त्याने त्यात किती रात्री काढल्या, हेही विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, तेलाचेच काम करायचे तर देश सोडण्याची काय गरज? रास्त प्रश्न आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' ह्या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधून काढले आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल येऊ लागले. ते तेल आणि वायू ज्या उरणला येतो, ते उरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. तिथल्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर सरकारी तेल महामंडळाचे लोक चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर अशा पाळीने जातात. पगार आखाताइतका नसेल, परंतु महिन्यातले चौदा दिवस माणूस घरच्या ताटावर जेवतो. मात्र ह्या नोकऱ्या मोजक्या आहेत, आणि तिथे कंत्राटदारामार्फत जाणाऱ्या माणसाला हीच पाळी आणि हाच पगार मिळेल असे समजू नये.

शिवाय घराजवळ म्हणून धोका कमी, असेही नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पावसाने बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी आलेले जहाज तेथील वायूच्या नळाला धडकले. वायू पेटला आणि तो सबंध प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ जणांचा प्राण गेला. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती; नौदलाने आणि इतरांनी १८६ जणांना वाचवले. वादळ येणार हे हवामान खात्याने आधी सांगितले होते. तरी तराफा समुद्रातच राहिला. ह्यावरून आम्ही असे शिकलो की, नोकरी पत्करताना पगाराच्या आधी एक गोष्ट विचारावी: काम थांबवण्याचा अधिकार तिथे कोणाला आहे? जिथे साधा कामगार "हे सुरक्षित नाही" म्हणून काम थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याची नोकरी जात नाही, तिथे जावे. जिथे हे शक्य नाही, तिथला दुप्पट पगारही स्वस्तच होय.

आता हिशेब करू. पैशाला तुच्छ लेखण्याचे ढोंग आम्ही करणार नाही. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे त्याच्यापुढे ते करूही नये. समजा, इथे साठ हजार रुपये पगार आहे आणि घरखर्च पन्नास हजार. महिन्याला दहा हजार उरतात. तिकडे दोन लाख मिळतात. राहण्याची सोय मालकाची. स्वतःचा इतर खर्च तीस हजार, आणि घरच्यांचा इथला खर्च पन्नास हजार. उरले एक लाख वीस हजार. म्हणजे इथे जे वर्षाला उरते, ते तिकडे एका महिन्यात उरते. तीन वर्षांत त्रेचाळीस लाख वीस हजार! हा आकडा खोटा नाही, आणि जो कोणी ह्या आकड्याकडे पाहून हसतो त्याने आपले कर्ज फेडलेले असते, असा आमचा अनुभव आहे.

परंतु ह्याच हिशेबाच्या पाठीमागे आणखी चार ओळी लिहाव्या लागतात. पहिली ओळ: कुटुंब बरोबर न्यायचे ठरवले तर घरभाडे आणि मुलांची शाळा ह्यांत ही शिल्लक बहुतांशी संपते. तेव्हा शिल्लक हवी की कुटुंब हवे, असा हा सरळ व्यवहार आहे; दोन्ही पुरेपूर मिळतील असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी ओळ: इथे पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि तेवढीच भर मालक घालतो. तिकडे परदेशी कामगाराला असा निधी सहसा नसतो. नोकरीच्या शेवटी एक रक्कम मिळते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचे मूळ वेतन. 'मूळ' हा शब्द ध्यानात ठेवा. दोन लाखांत मूळ वेतन एक लाख आणि बाकीचे भत्ते असतील, तर तीन वर्षांचे दोन लाख दहा हजार मिळतील, चार लाख वीस हजार नव्हे. आम्ही स्वतः हा शब्द वाचला नव्हता. ज्या कारखान्यात होतो त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. दोष वाचणाऱ्याचा होता.

तिसरी ओळ: तेलाचा भाव. जून २०१४ मध्ये पिंपाला एकशे दहा डॉलरहून अधिक असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरखाली आला होता. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकेच्या बाजारात तेलाच्या सौद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे सदतीस डॉलरपर्यंत गेला. भाव पडला की नवी कामे थांबतात, कंत्राटे मोडतात, आणि पहिल्याने परदेशी माणूस घरी जातो. आणि तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असल्यामुळे, नोकरी गेली की थोड्याच काळात देश सोडावा लागतो. चाकणला नोकरी गेली तर माणूस भोसरीत शोधतो. तिकडे नोकरी गेली तर सामान बांधतो.

चौथी ओळ: राजकारण. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आपल्या सरकारने आणि एअर इंडियाने अम्मानमार्गे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना परत आणले. वीस-वीस वर्षांची कमाई तिथल्या बँकेत ठेवून ही माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी आली. म्हणून कमावलेला पैसा दर महिन्याला घरी पाठवावा, हा नियम आम्ही त्यांच्यापासून घेतला आणि नऊ वर्षे पाळला.

जाण्याच्या वाटेवरही काही काटे आहेत. भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली झालेली आहे की नाही, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत पाहता येते. त्याने घ्यावयाच्या शुल्काला ह्या कायद्याखालील नियमांनी मर्यादा घातली, ती तीस हजार रुपये आणि त्यावरील कर इतकी. लाख-दीड लाख मागणारा माणूस नियम मोडतो आहे हे ओळखावे. प्रवासी परवान्यावर जाऊन तिथे नोकरीचा परवाना करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला उंबऱ्यावरूनच निरोप द्यावा. करारावरचे काम आणि परवान्यावरचे काम एकच असले पाहिजे. राहण्याच्या जागेचीही चौकशी करावी. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. ते कामावर मेले नाहीत, झोपेत मेले. "राहण्याची सोय मालकाची" हे तीन शब्द वाचून आपल्याला बरे वाटते. ती सोय कितव्या मजल्यावर, एका खोलीत किती जण, बाहेर पडायला जिने किती, हे कोणी विचारीत नाही.

इथवर सांगितले ते विचारून, वाचून, कागदावर मांडून समजण्यासारखे आहे. जे कागदावर मांडता येत नाही, त्याविषयी थोडे बोलून आम्ही संपवणार आहोत.

आम्ही तीन वर्षांसाठी गेलो होतो. बहिणीचे लग्न, वडिलांचे कर्ज आणि डोक्यावर छप्पर, एवढ्या तीन कामांसाठी. तीन वर्षांत लग्न झाले, कर्जही फिटले. मग छप्पर जरा मोठे घ्यावे असे वाटले. आणखी दोन वर्षे. मग मुलाच्या शिक्षणाची तरतूद, आणखी दोन. मग तिथे जरा वरची जागा मिळाली, आता सोडणे वेडेपणाचे होईल असे सर्वांनीच म्हटले, आणखी दोन. अशी नऊ वर्षे झाली. कोणी आम्हांला अडवून ठेवले नव्हते. दर वेळी कारण खरे होते आणि दर वेळी हिशेब बरोबर येत होता.

त्या काळी शुक्रवारी रांगेत उभे राहून फोन करावा लागे. वडील फोनवर एकच वाक्य बोलत, "इकडची काळजी करू नकोस." सहाव्या वर्षी ते गेले. कारखान्याचे वार्षिक दुरुस्तीचे काम चालू होते. रजा मिळून आम्ही पोचलो तेव्हा तेरावा दिवस होता. घरी आल्यावर कळले की ते आठ महिने आजारी होते आणि काळजी करू नकोस हे वाक्य त्यांनी त्या आठ महिन्यांतही न चुकता म्हटले होते. आज मुले चेहरा पाहून बोलतात, हे खरे. पण आजार लपवायचाच असला तर तो चेहरा पाहूनही लपवता येतो. आई-बाप आणि बायको ह्यांच्याइतके लपवण्यात कुशल दुसरे कोणी नसते.

आणि परत येणे हेही एक कामच असते. २००३ साली आम्ही आलो तेव्हा इथले कारखाने बदलले होते. आमच्या हाताखाली शिकलेली मुले आमचे साहेब व्हायच्या वयाची झाली होती. तिकडचा अनुभव मोठा होता, परंतु इथल्या कारखान्याला तो कशासाठी हवा, हे आम्हांला नीट सांगता येत नव्हते. दीड वर्ष घरी बसलो. जाताना आम्ही सगळे हिशेब केले होते. येण्याचा हिशेब केला नव्हता.

तेव्हा गेल्या रविवारी भाच्याच्या घरी आम्ही सर्व बसलो. आम्ही कागद घेऊन वर सांगितलेला सर्व हिशेब मांडला आणि शेवटी म्हणालो, "जा. तीन वर्षे काढ, घराचे कर्ज फेड आणि ये." आमच्या मते ते उत्तर चांगले होते. भाचेसून इतका वेळ काही बोलली नव्हती. ती हिंजवडीस नोकरी करते, तिच्या सासूला म्हणजे आमच्या बहिणीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते, आणि मूल चार वर्षांचे आहे. ती म्हणाली, "मामा, तुम्हीही तीनच वर्षांसाठी गेला होता ना?"

आम्ही निरुत्तर झालो, हे इथे कबूल करतो. ज्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही गेलो होतो, तीच शेजारी बसली होती. तीही काही बोलली नाही.

मग आम्ही आमचे उत्तर बदलले. हिशेबाचा कागद आम्ही भाच्याच्या हातून घेऊन सूनबाईच्या हाती दिला आणि म्हणालो, "ह्याच्या पाठीमागे तू लिही." तिने तीन ओळी लिहिल्या. एक, कर्जाची नेमकी रक्कम. ती फिटली की दुसरी रक्कम लिहायची नाही. दोन, परत येण्याची तारीख, आणि ती आली की पुढे ढकलायची नाही, मग हिशेब काहीही सांगो. तीन, जाण्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: आईला दवाखान्यात नेण्यासाठी पगारी माणूस कोण, आणि परत आल्यावर काम कोणते, त्यासाठी तिकडे असताना कोणते शिक्षण घ्यायचे. ह्या तीन ओळी मान्य असतील तर जावे. नसतील तर चाकणचा पगार बरा, आणि कर्ज आणखी बारा वर्षे फेडावे. त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. ह्या गावातली निम्मी घरे तशीच उभी राहिली आहेत.

आमच्या मते हेच ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याला पगार मिळणार, त्याने एकट्याने हा निर्णय करू नये; ज्यांना त्याच्या नसण्याचा भार वाहायचा आहे, त्यांनी अटी लिहाव्या आणि तो कागद त्यांच्याकडे राहावा. आम्ही गेलो तेव्हा आमच्या घरी असा कागद नव्हता. हिशेब होता, पण तो आमच्याच खिशात होता, आणि म्हणून त्यातल्या रकमा बदलायला आम्हांला कोणाला विचारावे लागले नाही.

भाच्याला सोमवारपर्यंत उत्तर कळवायचे आहे. तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. सूनबाई आज दवाखान्याचा दिवस असल्यामुळे आलेल्या नाहीत. त्या तीन ओळींवर अजून दोघांच्या सह्या व्हायच्या आहेत.